बंद टीव्ही युनिटमधली उष्णता: आधी वाट, मग पंखा

एप्रिलमधली रात्र. मॅचची सतरावी ओव्हर चालू होती आणि आमचा ॲम्प्लिफायर अचानक मुका झाला. पडद्यावर खेळाडू धावतायत, आवाज मात्र नाही. डिस्प्लेवर ‘प्रोटेक्ट’ ही अक्षरं लुकलुकत होती, म्हणजे स्वतःला वाचवायला तो आपणहून बंद पडला होता. टीव्ही युनिटचं दार उघडलं तर आतून झळ थेट तोंडावर आली. आई मागून म्हणाली, “त्यात भाकरी ठेवलास तर फुगतीय की!”

युनिट तीन महिन्यांपूर्वीच केलेलं. चकचकीत सनमायका, दाराला सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या, मागून पूर्ण प्लाय. एकही वायर दिसायला नको, हा हट्ट आमचाच; सुताराचा त्यात काही दोष नाही. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनच्या कंट्रोल पॅनेलची कामं करतो. पॅनेलचा फिल्टर तुंबला की आतला ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा डबा, तापून ट्रिप होतो, हे रोज लोकांना समजावून सांगतो. आणि माझ्याच घरी दिव्याखाली अंधार.

त्यानंतरच्या वर्षभरात शहापुरातलं आमचं युनिट, अथणीला तायीच्या घरचं आणि खानापूरच्या एका मित्राकडचा भिंतीतला कोनाडा, अशा तीन ठिकाणी ही कामं केली. पहिल्या ठिकाणी चुकलोही. त्या तिन्ही कामांतून जे कळलं, ते कामाच्या क्रमानं सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून, म्हणजे पंखा आणण्यापासून, सुरुवात करतात.

आधी मोजा

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. त्यामुळे ‘आपल्याकडे कुठलं एवढं गरम’ असं म्हणायची आपल्याला सवय आहे. खणाला त्याचं काही देणंघेणं नाही. बंद खण खोलीपेक्षा किती अंशांनी जास्त तापतो, ते आतली उपकरणं आणि हवेची वाट ठरवतात. हा फरक जानेवारीत आणि एप्रिलमध्ये जवळपास सारखाच राहतो. फरक १५ अंशांचा असेल तर जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत खण ३९ वर असतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. एप्रिलमध्ये तीच खोली ३४ वर गेली की खण ४९ वर पोचतो. बऱ्याच उपकरणांच्या मॅन्युअलमध्ये भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ किंवा ४० अंश दिलेली असते. म्हणून हे मोजमाप थंडीत केलं तरी चालतं. उन्हाळ्याचा हिशोब बेरजेनं निघतो.

मोजायला वायरच्या टोकाला प्रोब असलेला साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो, माशांच्या टाकीला लावतात तसला. प्रोब खणाच्या वरच्या भागात, उपकरणाला न टेकता, हवेत लोंबता ठेवा. दुसरा थर्मामीटर खोलीत, पंख्याच्या झोतापासून लांब. सगळी उपकरणं चालू करा, दारं लावा आणि दोन तास थांबा. अर्ध्या तासात घेतलेला आकडा फसवतो, कारण लाकूड आणि उपकरणांचे पत्रे सावकाश तापतात. एक अख्खा सिनेमा किंवा एक मॅच, एवढं माप धरा.

कारखान्यात वापरतात ती इन्फ्रारेड गन असली तरी तिच्यावर इथं विसंबू नका. ती हवेचं तापमान मोजत नाही, आणि चकचकीत पत्र्यावर मारली तर खूपच कमी आकडा दाखवते.

खोली आणि खण यांत ८ अंशांपर्यंत फरक असेल तर हात लावू नका, चाललंय ते चालू द्या. १० ते १५ असेल तर मांडणी बदलून आणि वाट करून भागेल. त्याच्या वर गेला की लाकूड कापायची तयारी ठेवा. आमचा आकडा होता २१: खोली ३१, खण ५२.

एवढ्यानं बिघडतं काय? उपकरणाच्या पॉवर सप्लायमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, आतून ओलसर द्रावण भरलेले. त्यांच्याबाबतचा जुना ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. म्हणजे खणात विनाकारण २० अंश जास्त सोसणारा डबा आठ वर्षांऐवजी दोन वर्षांत दुरुस्तीला जातो. लक्षणं हळूहळू दिसतात: राउटर संध्याकाळी हँग होतो, डिशचं चित्र अडकतं, ॲम्प्लिफायर गुणगुणायला लागतो. आपण केबलवाल्याला फोन करत राहतो.

आत किती वॅट आहेत

उपकरणात गेलेली वीज जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणून वॅटची बेरीज हाच पुढच्या सगळ्या कामाचा पाया. मागच्या लेबलवर जास्तीत जास्त आकडा असतो, प्रत्यक्षात कमी लागतो. अंदाजासाठी: सेट टॉप बॉक्स ८ ते १५ वॅट, फायबरचा राउटर १० च्या आसपास, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर हार्ड डिस्कसकट १० ते २०, साउंडबार १५ ते ३०. होम थिएटरचा ॲम्प्लिफायर नुसता चालू ठेवला, आवाज शून्यावर असला, तरी ४० ते ६० वॅट खातो, जोरात वाजवला की आणखी. नवे गेमिंग कन्सोल मोठे गेम खेळताना २०० वॅटच्या आसपास जातात. नेमका आकडा हवा असेल तर प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर मिळतं.

कन्सोलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तो बंद खणात ठेवूच नका. उघड्या फळीवर ठेवा. दोनशे वॅटचा हीटर कपाटात ठेवून वर पंखे लावत बसायचं, हा द्राविडी प्राणायाम झाला.

आमच्या खणात ॲम्प्लिफायर, सेट टॉप बॉक्स आणि राउटर मिळून ७० वॅट होते. सत्तर म्हणजे काय, असं वाटेल. पण जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब कपाटात दिवसभर पेटता ठेवून बघा, असं सुतारमामांना सांगितलं तेव्हा त्यांना लगेच पटलं.

लाकडाला हात लावण्याआधी

काही उष्णता तयारच होऊ न देणं सगळ्यात स्वस्त. ॲम्प्लिफायरच्या सेटिंगमध्ये ऑटो स्टँडबाय असतो, तो चालू करा. ४० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला २९ युनिट वीज, आणि तीही खण तापवायला. सेट टॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी अनेकदा जवळपास तेवढाच गरम राहतो. रात्री भिंतीवरचं बटण बंद करा. कन्सोल किंवा टीव्हीचा ‘क्विक स्टार्ट’ बंद ठेवा.

मग मांडणी. ॲम्प्लिफायरच्या झाकणावर सेट टॉप बॉक्स ठेवायची आपल्याकडे फार सवय. ॲम्प्लिफायरच्या वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते, नेमकी तीच वाट आपण बुजवतो आणि वरच्या डब्याला खालून शेकतो. ॲम्प्लिफायर सगळ्यात वरच्या खणात आणि त्याच्या डोक्यावर किमान १० ते १५ सेंटिमीटर मोकळं. बाकीचे डबे खाली किंवा बाजूला. ज्या डब्यांना तळाला जाळी आहे त्यांच्या खाली बाटलीची चार झाकणं ठेवा, दोन सेंटिमीटर उचलले गेले तरी फरक पडतो. वायरींचा गुंता मागच्या बाजूला गोळा होऊन पडदा बनतो, तो एका कडेला बांधा. आणि वर विणलेला रुमाल घातला असेल तर तो काढा. आमच्याकडे त्यावरून दोन दिवस बोलणं बंद होतं, पण निघाला.

एवढ्यानं आमचा फरक २१ वरून १७ वर आला.

खालची वाट आणि वरची वाट

चिकोडी–हुक्केरीकडच्या ऊसपट्ट्यात गुऱ्हाळ बघितलं असेल तर पुढचं सगळं आपोआप समजेल. चुलवाणाचं धुराडं कितीही उंच असू दे, खालून हवा शिरायला तोंड नसेल तर जाळ पेटत नाही, धूर उलटा येतो. गरम हवा वर चढते ती खालून थंड हवा तिला ढकलते म्हणून. खणाचंही तेच. वर भोक पाडलं आणि खाली पाडलं नाही तर ते नुसतं भोक राहतं.

मांडणी बदलण्याच्याही आधी, अगदी पहिल्यांदा मी नेमकं हेच चुकलो. मागच्या प्लायला वरच्या बाजूला दोन पंखे लावले आणि विजयी मुद्रेनं दार लावलं. दोन तासांनी ५२ चे ४७ झाले, बस. दारांच्या कडेला रबराची पट्टी, तळ बंद, मग पंखे हवा आणणार कुठून? शेजारच्या वायरच्या भोकातून मागची गरम हवा आत ओढत होते आणि तीच परत बाहेर फेकत होते. पाटीभर माती इकडची तिकडे.

वाट किती मोठी हवी? पंखा न लावता, नुसत्या चढत्या हवेवर काम भागवायचं असेल तर माझं माप असं: दर वॅटला ५ चौरस सेंटिमीटर खाली आणि तेवढंच वर, दोन्हींमध्ये अर्धा मीटर तरी उंची. उंची कमी असेल तर वाट मोठी करा. २० वॅटच्या डिश आणि राउटरला १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे १० बाय १० चा चौकोन, खाली एक आणि वर एक. आमच्या ७० वॅटला ३५० लागले असते. ६० सेंटिमीटर लांब आणि ५ रुंद अशी फट काढली, ३०० झाले. सुतार वायरसाठी जे ५० मिलिमीटरचं गोल भोक पाडतो ते जेमतेम २० चौरस सेंटिमीटरचं असतं, आणि त्यातलं अर्धं वायरींनी भरलेलं. ‘मागं भोकं हायत की दोन’ हे वाक्य ऐकलं की हा आकडा आठवा.

वाटेवर जाळी बसवली की मोकळी जागा घटते. डासांची बारीक जाळी जवळपास निम्मी वाट खाते, तेव्हा जाळी लावणार असाल तर फट दुप्पट धरा. तयार मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टी जाळ्यांचंही तसंच. बाहेरचं माप बघून फसू नका, पट्ट्यांमधली मोकळी जागा मोजा.

आता कापायचं कुठं. युनिट भिंतीला टांगलेलं असेल तर सोपं, तळाची फळी कापा. जमिनीवर उभं असेल तर एक फसवी गोष्ट आहे: खाली पुढून स्कर्टिंगची पट्टी असते. तळाची फळी कापली पण स्कर्टिंग तसंच ठेवलं तर हवा येणार कुठून? दोन्ही कापावे लागतात. स्कर्टिंगचं भोक जमिनीपासून थोडं वर घ्या, फरशी पुसताना पाणी आत गेलं तर पार्टिकल बोर्ड पावासारखा फुगतो.

वरची वाट मागच्या प्लायमध्ये, फळीला लागून, जितकी वर जाईल तितकी. पण मागं भिंत आहे. युनिट भिंतीपासून ४ ते ५ सेंटिमीटर पुढं घ्या आणि त्या पोकळीचं वरचं तोंड उघडं आहे ना ते बघा. हल्ली टीव्हीमागं छतापर्यंत पट्ट्यांचं पॅनेल ठोकतात. तिथं ही पोकळी वरून बंद होते आणि गरम हवा पॅनेलमागं साठून टीव्हीच्या पाठीला शेकते.

मामांना म्हटलं, “मागची अख्खी प्लायच काढूया का?”

“अख्खी काढलासा तर युनिट डुलतंय की. दार लावताना मग कुरकुर.”

बरोबर बोलले. मागची प्लाय ही नुसती झाकण नसते, ती चौकट काटकोनात धरून ठेवते. म्हणून चारी बाजूंनी ८ ते १० सेंटिमीटरची पट्टी राखून मध्येच कापायचं.

कापण्याआधी सगळी उपकरणं बाहेर काढा. भुसा ॲम्प्लिफायरच्या जाळीत गेला तर तो काढणं म्हणजे तांदळातले खडे निवडणं. स्विचबोर्डचा पुरवठा बंद करा, आणि मागं भिंतीतून पाइप–वायर कुठून गेल्यात ते आठवा. खुणेच्या कोपऱ्यात ड्रिलनं भोक पाडून तिथून जिगसॉ (उभ्या पात्याची विजेची करवत) घाला. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, त्यामुळे वरचा पृष्ठभाग तुटतो. सनमायकाची बाजू खाली ठेवून मागून कापा आणि रेषेवर मास्किंग टेप लावा. कापलेली कड उघडी सोडू नका, वॉर्निशचे दोन हात द्या. आपल्याकडचा पावसाळा, त्यातून खानापूरकडचा, उघडी प्लाय शोधतच असतो.

खण एकावर एक असतील तर मधल्या फळीलाही मागच्या कडेनं ५ सेंटिमीटरची फट हवी, नाहीतर प्रत्येक खण वेगळी कोठी होते.

या फटींनंतर, पंखा न लावता, आमचा आकडा: खोली ३१, खण ४०. फरक ९. खरं तर इथंच थांबता आलं असतं. ज्यांच्याकडे फक्त डिश आणि राउटर आहे त्यांनी इथंच थांबावं.

पंखा

एका खणात ७०–८० वॅटच्या वर जात असाल, किंवा अथणी–रायबागसारख्या जास्त तापणाऱ्या भागात राहत असाल तर पंखा घ्या. हिशोब सोपा आहे: वॅटला १.७६ नं गुणा आणि खोलीपेक्षा किती अंश वाढ चालेल त्यानं भागा. उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, असं येतं. ७० वॅट आणि ६ अंश धरले तर साडेवीस. बेळगावच्या उंचीवर हवा किनारपट्टीपेक्षा आठ–नऊ टक्के विरळ, म्हणून २२ धरा. आता डब्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी आणि फट यांच्यामधून खेचताना निम्मी हवा मिळाली तरी पुष्कळ. म्हणून खोक्यावर ४५ च्या आसपास आकडा असलेला पंखा शोधा. कॉम्प्युटरचा १२० मिलिमीटरचा, मिनिटाला हजार–बाराशे फेऱ्यांचा एक पंखा एवढं आरामात देतो.

छोटा पंखा घेऊ नका. ८० मिलिमीटरचा तेवढीच हवा द्यायला जास्त वेगानं फिरतो आणि सिनेमातल्या शांत प्रसंगात त्याचीच घरघर ऐकू येते. १२० चा पंखा वेग कमी केला की आवाज फार झपाट्यानं उतरतो.

१२० च्या पंख्यासाठी ११५ मिलिमीटरचं गोल भोक लागतं आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर १०५ असतं. स्क्रू सरळ लाकडात पिळले तर थरथर सगळ्या युनिटला लागते, फळी तबल्यासारखी बोलते. मध्ये रबराच्या चकत्या घाला. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडेही चालतात. पंखा हवा कुठल्या बाजूला फेकतो त्याचा बाण चौकटीवर असतो. नसेल तर लक्षात ठेवा: ज्या बाजूला आडवे दांडे आणि मधलं लेबल आहे तिकडे हवा फेकली जाते.

पंखा नेहमी बाहेर फेकणारा, आणि वर. आत फुंकणारा पंखा सगळी धूळ आत भरतो. पंख्याजवळचं वायरचं भोक फोमच्या तुकड्यानं बुजवा, नाहीतर माझ्यासारखी गत: हवा जवळची वाट धरते आणि खणातून फिरतच नाही.

बाहेर फेकलेली हवा कुठं जाते तेही बघा. मी दुसऱ्या वेळी पंखा वरच्या फळीत बसवला. युनिटच्या वर भिंतीवर आमचं छोटं देवघर. दोन दिवस आई म्हणत होती की निरांजन टिकत नाही, वात बदलली, तूप बदललं. शेवटी तिनंच खालून येणारा वारा हाताला लागलेला पकडला. पंखा मागच्या प्लायवर गेला. यात गंमतीचा भाग सोडला तरी ज्योतीजवळ वारा आणि जवळच कापडी तोरण हे काही बरं नव्हे.

वीज द्यायला १२ व्होल्ट १ ॲम्पिअरचा प्रमाणित ॲडॉप्टर घ्या. असा पंखा जेमतेम दोन वॅट घेतो. चोवीस तास चालला तरी महिन्याला दीड युनिट. घरात इन्व्हर्टर असेल आणि राउटर, डिश त्यावर असतील तर पंख्याचा ॲडॉप्टरही त्याच लायनीवर हवा. वीज गेल्यावर उपकरणं चालू आणि पंखा बंद, ही सगळ्यात वाईट वेळ.

सगळ्यात सोपा पर्याय हवा असेल तर यूएसबीवर चालणारा ५ व्होल्टचा पंखा टीव्हीच्या यूएसबी पोर्टला लावा. बहुतेक टीव्हींचा पोर्ट टीव्हीबरोबर बंद होतो, त्यामुळे पंखा आपोआप चालू–बंद होतो. मित्राच्या खानापूरच्या घरात हेच केलं. चिऱ्याच्या जाड भिंतीतला जुना कोनाडा, त्याला नवं काचेचं दार लावलेलं आणि आत फक्त डिश आणि राउटर. मागं कापायला प्लाय नाही, भिंत फोडायचा प्रश्नच नव्हता. म्हणून काचेचं दारच खालून ३ आणि वरून ३ सेंटिमीटर छोटं करून घेतलं आणि वरच्या फटीत दोन छोटे यूएसबी पंखे बाहेर तोंड करून बसवले. दिसायला फार सुंदर नाही. चालतं.

पंख्याला डोकं द्यायचं असेल तर

पंखा गरज असेल तेव्हाच फिरावा यासाठी डब्ल्यू १२०९ नावाचं छोटं थर्मोस्टॅट बोर्ड इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आणि ऑनलाइन स्वस्तात मिळतं. ते १२ व्होल्टवर चालतं आणि त्याला वायरच्या टोकाला सेन्सर असतो. ॲडॉप्टरची धन तार बोर्डाच्या धन टोकाला, ऋण तार बोर्डाच्याच ग्राउंड (जीएनडी) टोकाला. बोर्डावर रिले आहे, तो नुसता स्विच समजा: धन टोकावरून एक तुकडा रिलेच्या के-शून्य टोकाला न्या, के-एक टोकावरून पंख्याची लाल तार, पंख्याची काळी तार ग्राउंडला. या बोर्डावर २३० व्होल्ट आणायचं काही कारण नाही. कुणी सुचवलं तरी आणू नका.

सेट बटण थोडा वेळ दाबून धरलं की पी-शून्य दिसतं. तिथं थंड करण्यासाठी ‘सी’ निवडा. ‘एच’ राहिलं तर पंखा उलटा वागतो, गार असताना फिरतो आणि तापलं की थांबतो. पी-एक म्हणजे किती अंश उतरल्यावर थांबायचं, तिथं ३ ठेवा, नाहीतर रिले सारखा टकटक करतो. चालू होण्याचं तापमान मी ३६ ठेवलंय, अथणीला ३९. तिथं ३६ ठेवलं तर एप्रिल–मेमध्ये खोलीच तेवढी तापते आणि पंखा थांबतच नाही.

सेन्सर ॲम्प्लिफायरच्या वर, पंख्याच्या वाटेत, पण पत्र्याला न चिकटवता.

अगरबत्तीची परीक्षा

सगळं बसवल्यावर दारं लावा, अर्धा तास उपकरणं चालवा आणि पेटती अगरबत्ती खालच्या फटीजवळ धरा. धुराची रेघ आत वळली पाहिजे. जागच्या जागी वर गेली तर खालची वाट काम करत नाही. मग दारांच्या कडेनं, वायरच्या भोकांपाशी फिरवा. धूर जिथं जोरात आत जातो तिथून हवा चोरवाटेनं येतेय. राख पडेल, हाताखाली ताटली धरा आणि पडद्यांपासून लांब राहा. यानंतर पुन्हा दोन तासांचं मोजमाप.

पावसाळा, पाली आणि गणपती

जून ते सप्टेंबर आपल्याकडे वेगळीच तऱ्हा. हवा गार पण ओलीचिंब. गंमत म्हणजे इथं थोडी उष्णता आपल्या बाजूनं असते: दमट हवा १० अंशांनी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास निम्म्यावर येते. त्यामुळे चालू राउटरचा खण सहसा कोरडा राहतो आणि महिनाभर बंद ठेवलेल्या ॲम्प्लिफायरच्या खणात बुरशी धरते. थर्मोस्टॅट असेल तर जुलैमध्ये पंखा स्वतःच गप्प बसतो, ते बरंच आहे. नुसता स्विच असेल तर पावसाळ्यात बंद ठेवा, आणि न वापरलेली उपकरणं आठवड्यातून तासभर चालवा. दारं फुगून खालची फट घासत नाही ना, तेही याच दिवसांत बघायचं.

जाळी लावाच. गरम खण पालीला आणि झुरळांना फार आवडतो. पाल सर्किटवर मेली की नुसती दुरुस्ती नाही, वासही. उंदरांचा त्रास असेल तर नायलॉनची नको, स्टीलची जाळी. राउटर आत असेल तर मात्र संपूर्ण दाराला धातूची जाळी लावू नका, वायफाय अडतं. दाराला वेताची विणलेली जाळी हा मला आवडलेला तोडगा: हवा जाते, वायफाय जातं, आणि विणकाम फार दाट नसेल तर रिमोटही चालतो.

लाल मातीची बारीक धूळ उन्हाळ्यात महिन्याभरात जाळी भरून टाकते. खालची जाळी स्क्रूऐवजी वेल्क्रोनं बसवा, म्हणजे काढून धुवायचा कंटाळा येत नाही. पंख्याची पाती साफ करताना बोटानं धरून ठेवा, ब्लोअरनं जोरात फिरवू नका; बेअरिंग जातं.

आणि गणपती. आमच्याकडे मखर टीव्ही युनिटवरच असतं, समोरून साटीनचा पडदा जमिनीपर्यंत सोडतात. त्यात खालची फट, वरची फट, सगळं झाकलं जातं, आणि नेमक्या त्याच दिवसांत आरत्यांची गाणी सकाळ–संध्याकाळ. पडदा खालून दहा सेंटिमीटर वर उचला किंवा ते दिवस ॲम्प्लिफायर बाहेर काढून ठेवा. माळांच्या दिव्यांचे ॲडॉप्टर खणात कोंबू नका.

इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी टीव्ही युनिटच्या खालच्या खणात ठेवलेली मी दोन घरांत बघितली आहे. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि तो बंद खणात साठणं धोक्याचं. तिची जागा हवेशीर कोपऱ्यात किंवा बाहेरच्या पडवीत. तसंच एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा एक्स्टेंशन घालून तो कपड्यांखाली दाबलेला असेल, तर बाकी सगळं सोडून आधी ते नीट करा. बोर्ड खणाच्या बाजूच्या फळीवर स्क्रूनं उभा बसवला की धूळही कमी बसते आणि तो कशाखाली दबत नाही.

तायीच्या घरी अथणीला सगळं केलं, तरी मेमध्ये खोलीच ३८ वर, मग खण ४३–४४. तिथं आणखी भोकं पाडण्यात अर्थ नव्हता, कारण आत येणारी हवाच तापलेली. खोलीपेक्षा थंड हवा पंखा कुठून आणणार? तायीनं सरळ मार्च ते जून दारं बिजागऱ्यांतून काढून माळ्यावर ठेवायला सुरुवात केली. भाऊजी म्हणतात युनिट बोडकं दिसतंय. पण दारं काढल्यावर फरक ३ अंशांवर आला, आणि तो ॲम्प्लिफायर आमच्यापेक्षा जुना असून अजून वाजतोय.

मी आमच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं नोंद ठेवतो: तारीख, खोली, खण. शेवटची ओळ मागच्या आठवड्यातली आहे. खोली ३२, खण ३७, आणि पुढं आईच्या अक्षरात, ‘जाळी धुवायची आहे.’